शंभर दोऱ्यांचं गलबत

माझ्या अजमानच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एक लांब फळी आहे. तिच्यावर शिडाच्या जहाजांची चाळीसेक पुस्तकं आहेत. शिडं कशी शिवायची, दोर कसा वळायचा, गाठी किती प्रकारच्या, वादळात काय करायचं, डोलकाठी मोडली तर काय करायचं, सगळं त्यांत आहे. मी मात्र जन्मात शिडाच्या जहाजावर पाय ठेवलेला नाही. दुबईच्या खाडीतून पलीकडे नेणाऱ्या लाकडी होडीत पाच मिनिटं बसलो तरी माझ्या पोटात ढवळतं. बायको म्हणते, पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला हे व्यसन बरं, निदान घर सोडून कुठे जायला लागत नाही.

नोकरीही समुद्राच्या काठावरचीच, पण कागदांची. जबल अलीच्या एका कंपनीत गेली बावीस वर्षं मी कंटेनरचे कस्टमचे फॉर्म भरतो. या कामानं मला एक सवय लावली आहे. ती इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. आमच्या फॉर्मात रकाना रिकामा सोडता येत नाही. एक जरी राहिला तरी सिस्टिम पुढे सरकत नाही, कंटेनर यार्डात उन्हात पडून राहतो आणि मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहतो. त्यामुळे रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. मुलीच्या शाळेचा फॉर्म असो की दवाखान्याचा, शेवटचा चौकोन भरल्याशिवाय मी उठत नाही.

पुस्तकांचं वेड लागलं ते फुकटात. आमच्या बिल्डिंगमधला एक इंग्रज मास्तर नोकरी संपवून मायदेशी निघाला आणि जाताना खाली लॉबीत दोन खोकी ठेवून गेला, ज्याला हवं त्यानं न्यावं म्हणून. वरच दोरांच्या गाठींचं एक जाडजूड पुस्तक होतं. मुलीच्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल म्हणून मी ते वर नेलं. मुलीनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र दोन रविवार जागचा हललो नाही. मग जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळली, इंटरनेटवरून जुनी मॅन्युअलं उतरवून ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप छापली, आणि शेवटी शिडाच्या जहाजांवर गप्पा मारणाऱ्या एका फोरमवर नाव नोंदवलं. तिथे जगभरचे लोक एकाच दोरीच्या नावावरून आठवडाभर भांडत. मला ते फार आवडायचं.

एक गोष्ट मात्र सलायची. या सगळ्या पुस्तकांत आमच्या कोकणातलं गलबत कुठेच नव्हतं. एका पुस्तकात अर्धं पान होतं, तेही चुकीच्या चित्रासह. माझे अब्बा तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. रत्नागिरीच्या खाडीतून कौलं आणि लाकूड भरून ते शिडाच्या जोरावर याच आखातात यायचे आणि खजूर भरून परत जायचे. इंजिनं आली तेव्हा ते गलबतावरून उतरले आणि पुढची तीस वर्षं जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात काढली. समुद्राबद्दल घरात कधी बोलले नाहीत आणि आम्ही भावंडांनीही कधी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात जे होतं ते कागदावर कुठेच नव्हतं, आणि त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली होती.

अम्मी गेल्यावर मी अब्बांना अजमानला घेऊन आलो. विमानतळावरून येताना दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारती बघत ते एवढंच म्हणाले, "आम्ही यायचो तेव्हा हितं उंट बांधायला खांबही नव्हता." घरात शिरल्यावर त्यांची नजर फळीवर गेली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मराठी लिहिणंही जेमतेम सहीपुरतं. पण चित्रं बघायला अक्षरं लागत नाहीत. एक भलंमोठं पुस्तक मांडीवर घेऊन ते तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र कितीतरी वेळ बघत बसले.

"केवढ्या दोऱ्या रे ह्या," ते म्हणाले. "यांच्याकडं खलाशी फार होते वाटतं."

मी हसलो. ते वाक्य त्याच दिवशी नीट ऐकलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

त्याच आठवड्यात मी फोरमवर अब्बांबद्दल लिहिलं. लोक खूश झाले. फोरमवर जगभरच्या जहाजी शब्दांचा एक कोश चालू होता आणि त्याला हिंदुस्तानच्या किनाऱ्यावरचं कोणी मिळत नव्हतं. ज्यांच्याकडे तो कोश होता त्यांनी मला एक तक्ता पाठवला. वर तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं रेखाचित्र, त्यातल्या प्रत्येक दोरीला आणि प्रत्येक लाकडाला आकडा, असे शंभरावर आकडे. खाली रकाने: इंग्रजी नाव, स्थानिक नाव, उपयोग. सोबत लिहिलं होतं की जेवढं जमेल तेवढं भरा, बाकी सोडून द्या. हे शेवटचं वाक्य मी वाचलं, पण माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. शंभर रकाने भरलेला तक्ता, आणि त्यातून अब्बांचं एक छापील पुस्तक, एवढंच मला दिसत होतं. फळीवर ते इतर पुस्तकांच्या शेजारी उभं राहील, या विचारानं मी लहान मुलासारखा हरखलो होतो.

मी संध्याकाळी सातला घरी पोहोचायचो. जबल अली ते अजमान म्हणजे दोन तासांची गाडीतली बैठक; शारजाच्या आसपास तर गाडी चालत नाही, सरपटते. हातपाय धुवून चहा घेतला की मी लॅपटॉप उघडायचो आणि अब्बा समोर सोफ्यावर बसायचे. पहिले काही दिवस बहार होती. सुकाणू, डोलकाठी, परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो लांब तिरका वासा, आणि दामण, म्हणजे शिडाचं मोकळं टोक आवरणारी दोरी. शब्द भराभर आले. एके दिवशी गलबत वळवायचं कसं ते दाखवायला त्यांनी चौदा वर्षांच्या माझ्या मुलीला हात वर करून मधोमध उभं केलं. "तू डोलकाठी. हलायचं नाय." मग मॉपच्या दांड्याला चादर बांधली आणि तो दांडा उभा करून तिच्या पुढून दुसऱ्या बाजूला नेला. शीड कसं मोकळं सुटतं, त्या वेळी फडफडणाऱ्या कापडाखाली कोण उभं राहायचं, कोणी हाक द्यायची, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. मुलगी हसत होती, बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मी विचारलं, "अब्बा, पण याला शब्द काय?"

ते थांबले. "शब्द? शब्द कसला? वळवायचं, बस."

मी लॅपटॉपवर 'वळवणे' असं टाइप केलं आणि पुढच्या आकड्याकडे वळलो.

साधारण विसाव्या आकड्यानंतर गाडी अडली. चित्रात चौकोनी शिडं होती आणि त्या शिडांचे कोपरे वर ओढायला, पोट वर ओढायला, वाशाची टोकं फिरवायला वेगवेगळ्या दोऱ्या होत्या. मी एकेक विचारत होतो आणि अब्बा मान हलवत होते.

"आमच्याकडं नव्हतं ते."

"नव्हतं कसं? वारा वाढला की शीड लहान करत नव्हतात?"

"परबाण खाली घ्यायचो, मोठं शीड सोडायचो, बारकं लावायचो."

"म्हणजे ओढायला काहीतरी असणारच ना! आठवा जरा."

"नव्हती रे तसली दोरी."

मी चिडलो. माझा स्वभाव तापट आहे, ऑफिसात गिळलेला राग घरी बाहेर पडतो, हे मला माहीत आहे आणि तरी तो पडतो. दिवसभर फिलिपिनो सुपरवायझरचं ऐकून, दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून मी आलो होतो आणि समोर ऐंशी रिकामे रकाने होते. "अब्बा, प्रत्येक जहाजाला असते ती," मी पुस्तक त्यांच्यासमोर धरून म्हणालो. "हे बघा, पुस्तकात आहे. तुम्ही विसरला असाल. नीट आठवा, उद्या सांगा." मी पुस्तक दाखवून तांडेलाला जहाज शिकवत होतो. अब्बा पुस्तकाकडे बघत राहिले आणि "बरं" म्हणाले.

त्याच आठवड्यात एकदा त्यांनी आपण होऊन विषय काढला. "ते सापांचं लिहितोस काय? पाण्यातल्या सापांचं? ते दिसले म्हणजे..." मी म्हणालो, "ते कुठल्या रकान्यात टाकू, अब्बा? आधी हे खलास करू, मग तुमचे साप." माझ्या आवाजात चेष्टा होती. त्यांनी तो विषय परत काढला नाही.

आणि मग चमत्कार झाला. दुसऱ्या दिवसापासून अब्बा उत्तरं द्यायला लागले. मी आकडा सांगायचा अवकाश, ते डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि नाव सांगायचे. शिडाचा कोपरा वर ओढणारी ती कोपरी. शिडाचं पोट आवळणारी ती पोटबांध. मागून डोलकाठीला आधार देणारी ती पाठराखीण. मी थक्क व्हायचो. रोज सहा-सात नावं, कधी दहाही. फोरमवर टाकली की लोक वाहवा करायचे. पाठराखीण म्हणजे लग्नात नवरीसोबत सासरी जाणारी बाई, हे मी समजावून सांगितलं तेव्हा तर कॅनडातल्या एका म्हाताऱ्यानं, खलाशी आपल्या दोऱ्यांना बायकांची नावं का देतात, यावर दोन पानं लिहिली. मी ती अब्बांना भाषांतर करून वाचून दाखवली. ते खाली बघत ऐकत होते. मला वाटलं, लाजतात.

तीन महिन्यांत तक्ता पूर्ण भरला. शारजातल्या एका प्रेसमधून मी पंचवीस प्रती छापून आणल्या. निळं कव्हर, आत डावीकडे चित्र आणि उजवीकडे अब्बांची नावं. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कव्हरवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे आता कोण वाचणार?"

"जगभरातले लोक, अब्बा. कोशातही गेलंय तुमचं सगळं."

"म्हणजे खलाशी लोक पण?"

"असतील की."

त्यांनी पुस्तक उघडून पानं उलटली. थोड्या वेळानं म्हणाले, "छापायच्या आधी एकदा परत बघायला हवं होतं." मी म्हणालो, "आता छापलं, खलास. दुसऱ्या आवृत्तीत बघू." आणि हसलो.

त्या हिवाळ्यात त्यांना छातीचा संसर्ग झाला. साधा खोकला म्हणून चार दिवस गेले, मग एकदम श्वास चढला आणि हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि गलबतावरच्या एका सोबत्याबद्दल सांगितलं. तो बाजूच्या गावचा, त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, आता शारजात मुलाकडे राहतो. "ते पुस्तक त्याला दाखव. काय काय तपासून घे. तो सांगेल." मी म्हणालो, "आधी घरी चला, मग आपण दोघं जाऊ." नर्सनं मास्क परत लावला. मला वाटलं, दुसऱ्या आवृत्तीची काळजी करतात. मला बरंसुद्धा वाटलं.

ते घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. इथेच अजमानला दफन केलं. भाऊ गावाहून येईपर्यंत थांबता आलं नाही. मातीवर हात ठेवून मी मनात म्हणालो, निदान तुमचं पुस्तक झालं, अब्बा. खरंच म्हणालो असं. त्या आधारावर मी दोन महिने काढले.

मग एका शनिवारी दुपारी मुलीला घेऊन मी शारजाला त्या चाचांकडे गेलो. मुलगी का कोण जाणे यायला तयार नव्हती, मीच ओढून नेली. चाचा तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले, मग सावरले. डोळ्यांत मोतीबिंदू होता, वाचता येत नव्हतं. म्हणून मी एकेक चित्र समजावून वाचत गेलो. सुकाणू, परबाण, दामण. "व्हय, व्हय," ते मान डोलवत म्हणत होते. मग कोपरी आली.

"कुठली?"

मी परत सांगितलं. पोटबांध सांगितली. पाठराखीण सांगितली. चाचांच्या कपाळावर आठी पडली. "हे कुणाच्या गलबताचं वाचतोस?"

"अब्बांनी सांगितलेलं आहे सगळं. तुमच्याच गलबताचं."

"आमच्या गलबतावर दोऱ्या किती होत्या म्हायत हाय?" त्यांनी एका हाताची बोटं पसरली, मग दुसऱ्या हाताची. "एवढ्या. शंभर दोऱ्यांचं गलबत आमच्या बापजाद्यांनी बघितलं नाय. एक डोलकाठी, एक मोठं शीड. कोपरा ओढायला दोरी कशाला लागते? परबाणच खाली घ्यायचा."

अगदी हेच अब्बा म्हणाले होते. मी पुस्तक मिटलं. "मग त्यांनी मला सांगितलं का असं?"

"तू विचारलंस म्हणून," चाचा म्हणाले. "अरे, तांडेल होता तो. तांडेल कधी 'म्हायत नाय' बोलतो काय?"

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. मस्कतहून परत येताना आभाळ भरून आलं आणि आठवडाभर ना सूर्य दिसला ना तारा. पिण्याचं पाणी संपत आलं. खलाशी तासातासाला विचारायचे, तांडेल, कुठं आहोत आपण? आणि दर वेळी अब्बा ताबडतोब उत्तर द्यायचे: अजून दोन दिवस, अजून दीड दिवस. मग एका सकाळी पाण्यात साप दिसले. आमच्या किनाऱ्याजवळ आलं की ते दिसतातच. अब्बांनी शिशाच्या वजनाला खाली चरबी लावून ते तळापर्यंत सोडलं, वर आलेला चिखल बोटानं काढून जिभेला लावला आणि म्हणाले, उद्या दुपारी जोहरच्या नमाजापर्यंत किनारा. तसंच झालं. "किनाऱ्याला लागल्यावर मी त्याला विचारलं, तुला आधीपासून म्हायत होतं? तर बोलला, मला कायच म्हायत नव्हतं. पण मी तसं बोललो असतो, तर तुम्ही हातपाय गाळून तिथंच बसला असता." चाचांनी पुस्तकाकडे बोट केलं. "आमच्यात रीतच ती. तांडेलानं उत्तर द्यायचंच. सापांचं लिहिलंयस ना पुस्तकात?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मिटलेलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि मुलाला चहा आणायला सांगितलं.

परतताना गाडी नेहमीसारखी अडकली. मी चिडून हॉर्न वाजवत होतो. शेजारी मुलगी काचेकडे तोंड करून बसली होती. ती अचानक म्हणाली, "डॅड, वी मेड देम अप."

"कोण वी?"

"मी अँड दादा. आफ्टर स्कूल."

आजोबांना ती दादा म्हणायची. पुढचं तिनं इंग्रजीतच सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगतो. ती तीनला शाळेतून आली की दादा फळीवरचं पुस्तक काढून तिला म्हणायचे, आज तुझा बाप कुठला आकडा विचारेल? ती आकडे शोधायची, इंग्रजीतलं वाचून मोडक्यातोडक्या मराठीत त्या दोरीचं काम सांगायची. दादा विचार करून नाव ठेवायचे. पाठराखीण हे नाव सापडलं तेव्हा दोघं खूप हसले होते. ती नावं ती वहीच्या मागच्या पानावर इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवायची आणि दादांकडून पाठ करून घ्यायची. ते दोन-तीन वेळा म्हणून बघायचे. चुकले की वैतागायचे.

"मला का नाही सांगितलंस?"

"ही टोल्ड मी नॉट टु. ही सेड यू आर सो हॅपी." मग ती रडायला लागली. "ही वॉज स्केअर्ड ऑफ सेव्हन ओ'क्लॉक, डॅड."

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. मी येण्याच्या वेळेला माझा बाप घाबरायचा. ज्यानं आठवडाभर अंधाऱ्या आभाळाखाली धीर सोडला नाही, तो माझ्या लॅपटॉपला घाबरायचा आणि नातीकडून धडा पाठ करून घ्यायचा. मला हे आजही सहन होत नाही. फॉर्म भरताना मध्येच आठवतं आणि मी उठून पाणी पिऊन येतो.

घरी उरलेल्या सोळा प्रती मी कपाटात टाकल्या. पण कोश तर जगभर उघडा होता. तिथे अब्बांच्या शंभर शब्दांखाली लिहिलेलं होतं: स्रोत, कोकण किनाऱ्यावरचा एक निवृत्त तांडेल. लोक ते शब्द वापरायला लागले होते. एका विद्यार्थ्यानं कोपरीचा मूळ शब्द अरबी असावा असा तर्कही मांडला होता. चाचांसारखा कोणी जाणता ते वाचेल आणि म्हणेल, या तांडेलाला काही येत नव्हतं. हॉस्पिटलात मास्क बाजूला करून अब्बा हेच थांबवायला बघत होते. तपासून घे, ते म्हणाले होते. त्यांनी मागितलेलं एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं.

मी तीन-चार वेळा पत्र लिहायला घेतलं. 'माझ्या वडिलांनी ही नावं बनवून सांगितली.' हे वाक्य माझ्या हातून पाठवलं जाईना. बायको म्हणाली, "खरं ते सांगा की. म्हातारा माणूस, लोक समजून घेतील." मला कोणी समजून घ्यायला नको होतं. माझ्या बापाच्या नावापुढे खोटं हा शब्द मी स्वतः लिहायचा, हे मला जमणार नव्हतं. आणि खरं पाहिलं तर ते खोटं माझंच होतं. ते पुन्हा पुन्हा नव्हतं म्हणाले होते. मी पुस्तक नाकासमोर धरून त्यांच्याकडून होतं म्हणवून घेतलं.

शेवटी मी लिहिलं: पहिली वीसेक नावं माझ्या वडिलांची आहेत, ती खरी आहेत. बाकीची मी स्वतः बनवली. तक्ता पूर्ण दिसावा म्हणून. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. ते वारले आहेत. मी माफी मागतो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. भाषा अगदी सभ्य होती. त्यांना फार वाईट वाटलं, असं लिहिलं होतं. एकाच माणसाकडून आलेलं खरं किती आणि बनावट किती हे तपासायला त्यांच्याकडे काही साधन नाही, त्यामुळे त्या स्रोताचे सगळेच शब्द काढून टाकावे लागत आहेत, पहिले वीसही. माझं सदस्यत्व रद्द होत आहे. मी कोश उघडून पाहिला. मजकूर गेला होता, खालची स्रोताची ओळही गेली होती. याचा मी आधी विचारच केला नव्हता.

पत्राच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं. आमच्या नोंदीसाठी एवढं कृपया खरं सांगा, असा कोणी तांडेल मुळात होता का?

 मस्कतची गोष्ट लिहावी, सापांचं लिहावं, चिखल जिभेला लावल्याचं लिहावं, असं वाटलं. पण स्वतःच्या सहीनं स्वतःला खोटारडा ठरवून मी आता कुठली गोष्ट सांगणार होतो? मी एकच शब्द लिहिला, 'होते', आणि पाठवून दिला. त्यावर कोणाचं उत्तर आलं नाही.